हरेल त्यानं गाव सोडायचं

टिम्सनमध्ये गुरुवारी सकाळी साप्ताहिक आलं, की लोक आधी तिसरं पान उघडतात. पहिल्या पानावर महापौर असतो, दुसऱ्यावर त्या आठवड्यात मेलेली माणसं असतात आणि तिसऱ्यावर नेल्डा स्टोव्हॉल असते. मेलेल्यांना घाई नसते, महापौराला कुणी विचारत नाही, म्हणून तिसरं पान आधी.

ही बाई चौसष्ट वर्षांची. तीस वर्षं तिनं गावातल्या बायकांचे केस कापले, रंगवले, फुगवले. नवरा गेल्यावर दुकान विकून टाकलं आणि घरी बसून भिंती बघण्यापेक्षा जुन्या कुस्त्या बघायला लागली. आमच्या दक्षिण अलाबामात एके काळी शनिवारी सकाळी टीव्हीवर कुस्ती लागायची. आठवडाभर भुईमुगात राबलेली माणसं तासभर घसा फोडून ओरडायची आणि मग शांतपणे बाजाराला जायची. ती कंपनी बंद पडून चाळीस वर्षं झाली. स्टेशनवाले असे दळभद्री, की बहुतेक टेपांवर त्यांनी नंतर हवामानाचे अंदाज चढवले. वाचल्या त्या कुणाच्या गॅरेजात, कुणाच्या माळ्यावर पडून असतात. त्या नेल्डा मागवते, बघते आणि त्यांचं परीक्षण लिहिते.

तारे-बिरे देणं तिला पटत नाही. ती उकडलेल्या शेंगा देते. पाच शेंगा म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटलं. एक शेंग म्हणजे निदान दोघं पैलवान वेळेवर आले. एका कार्यक्रमाला तिनं नुसती फोलपटं दिली होती. त्यातला एक पैलवान अजून जिवंत निघाला आणि त्यानं फोन करून तिला दहा मिनिटं शिव्या दिल्या. तिनं त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "हा आवेश तेव्हा दाखवला असतास, तर दोन शेंगा नक्की दिल्या असत्या."

आता त्या कुस्त्या नुरा कुस्त्या होत्या, कोण पडणार हे आधी ठरलेलं असायचं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण बोलायचं नाही. बोललात, तर रविवारी चर्चमध्ये तुमच्या शेजारी कुणी बसणार नाही. देवावर शंका घेतलेली चालते एक वेळ, कुस्तीवर नाही. नेल्डानं अकरा वर्षांत एकदाही "ठरलेलं" हा शब्द छापलेला नाही, आणि दुसरं म्हणजे जे दिसलं नाही ते लिहिलेलं नाही. गाव तिला मानतं ते ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी.

पण तिचं ह्या सगळ्यात घरचं दुखणं होतं. त्या दुखण्याचं नाव हर्शेल टॉलिव्हर. तिचा थोरला भाऊ.

हर्शेल म्हणजे त्या काळच्या कुस्त्यांतला सगळ्यात नावाजलेला दुष्ट, म्हणजे ज्याला लोकांनी शिव्याच घालायच्या असा पैलवान. सव्वासहा फूट उंची, टक्कल, आणि बघणं असं, की दूध नासावं. डोळ्यांत मीठ फेकायचा, रेफ्रीची पाठ वळली की गळा दाबायचा. लोकांनी त्याच्या गाडीची चाकं इतक्यांदा फाडली, की तो पुढे पायीच यायला लागला. धंद्याचा नियम असा, की दुष्टाचं कुणी नसतं. म्हणून त्याची आई आणि बहीण कुस्तीला यायच्या, पहिल्या रांगेत बसायच्या आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं "हूऽऽ" करून त्याची हुर्यो उडवायच्या. नात्याचं गुपित असं नव्हतं, टिम्सनमध्ये कुणाच्या घरी काय शिजतंय तेही लपत नाही. पण रीत ती रीत. आई चर्चमध्ये भेटेल त्याला सांगायची, "नालायक निपजलाय मेला," आणि घरी जाऊन त्याच नालायकासाठी कोंबडी तळायची.

मग अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात ती कुस्ती झाली. गुरांच्या लिलावाच्या शेडमध्ये, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. एका बाजूला हर्शेल, दुसऱ्या बाजूला सोनेरी केसांचा, सगळ्या आयांचा लाडका रॉनी क्लेग. अट एकच: हरेल त्यानं गाव सोडायचं.

अशा अटी त्या काळी नेहमी लागायच्या. हरलेला सहा महिने दुसऱ्या राज्यात पोट भरायचा, मग कधी मुखवटा घालून, कधी नुसत्या नव्या मिशा लावून परत यायचा. लोक ओळखायचे आणि न ओळखल्यासारखं करायचे. हर्शेल हरला. कंपनीच्या मालकानं त्याला सांगितलं, थंडीत तुला मुखवट्यात आणतो. पण थंडी यायच्या आधीच कंपनी बंद पडली. "परत ये" म्हणणारं कुणी उरलं नाही.

आणि हा पठ्ठ्या परत आलाच नाही!

गेला तोही फार लांब नाही. नदीवरचा पूल ओलांडला, की टिम्सनची हद्द संपते. पुलाच्या पलीकडच्या टोकाला त्यानं खोपटं टाकलं आणि मासे तळून विकायला लागला. गावातली माणसं शुक्रवारी पूल ओलांडून त्याच्याकडे जेवायला जायची, आत शिरताना "हूऽऽ" करायची, तो त्यांच्यावर गुरगुरायचा आणि मग दुप्पट मासे वाढायचा. नेल्डाचं लग्न झालं तेव्हा तो सूट घालून पुलावर उभा राहिला, वऱ्हाड फोटो काढायला तिथं गेलं. आई वारली तेव्हा शववाहिका आधी पुलापर्यंत नेली, त्यानं टोपी काढली, मग गाडी वळवून दफनभूमीत आणली. नेल्डा त्या दिवशी त्याच्या अंगावर ओरडली होती, "आईसाठी तरी ये ना रे, बब्बा!" तर हा म्हणाला, "हजार माणसांसमोर हरलोय मी, नेली." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसली गत.

चाळीस वर्षं हे चाललं, कारण चालत होतं. दर रविवारी ती डबा घेऊन पलीकडे जायची. पण ह्या जानेवारीत हर्शेल खोपट्याच्या पायरीवरून पडला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. डॉक्टरनं साफ सांगितलं, आता एकट्यानं राहायचं नाही. नेल्डानं घरातली मागची खोली रंगवली, न्हाणीत धरायला दांडा बसवला, दणकट पलंग आणला. हर्शेलनं मात्र साठ मैलांवरच्या सरकारी वृद्धाश्रमात नाव घातलं. एक एप्रिलला जायचं ठरलं.

"अरे, माझं घर चार मैलांवर आहे!" नेल्डा म्हणाली.

"टिम्सनात आहे."

"तिथं अनोळखी माणसं तुझे पाय चेपणार?"

"अट म्हणजे अट."

"खड्ड्यात गेली तुझी अट! मरशील तिथं एकटा, आणि मला कुणी कळवणारसुद्धा नाही!"

नेल्डा गाडीत येऊन रडली आणि मग स्वतःवरच चिडून हॉर्न वाजवत घरी गेली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात साप्ताहिकाचे संपादक प्रुइट तिच्या दारात आले. त्या जुन्या कार्यक्रमाच्या निवेदकाची विधवा घर आवरत होती, तिला लोणच्याच्या बरण्यांमागे स्टेशनची एक जाडजूड कॅसेट सापडली. तारीख मे अठ्ठ्याहत्तर. प्रुइटनी ती मॉन्टगोमेरीहून तबकडीवर उतरवून आणली होती.

"नेल्डाबाई, मी अजून पाहिलेली नाही. पहिला मान तुमचा."

नेल्डानं तबकडी हातात घेतली आणि तिच्या डोक्यात चक्र सुरू झालं. हर्शेल अटीला बांधलेला आहे ना? मग कुस्तीच खोटी ठरली तर? रेफ्रीनं घाईनं मोजलं असेल. क्लेगनं चड्डी धरली असेल. काहीतरी असणारच. एवढं तेवढं जरी सापडलं, तरी तिसऱ्या पानावर ते असं छापीन, की गाव जाऊन हर्शेलला उचलून आणेल.

"आणि काहीच सापडलं नाही तर?" प्रुइट मिश्किलपणे म्हणाले. "वाढवून लिहिणार?"

"अकरा वर्षांत लिहिलंय का?"

"नाही. पण अकरा वर्षांत भाऊही पणाला लागला नव्हता."

"प्रुइट, तुम्ही आता घरी जा," नेल्डा म्हणाली.

शनिवारी सकाळी, कार्यक्रम पूर्वी लागायचा त्याच वेळेला, तिनं फोन काढून ठेवला, वही घेतली आणि बसली. पुढे पळवायचं नाही हा तिचा नियम. म्हणून आधी दोन पोरसवदा पैलवानांची कुस्ती पाहिली. (नंतर लिहिलं: "दोघांनी एकमेकांना इतकं जपून धरलं होतं, की अंडी फुटायची भीती असावी. एक शेंग.") मग ट्रॅक्टरची जाहिरात. मग हर्शेलची मुलाखत. चौतीस वर्षांचा हर्शेल कॅमेऱ्यात बोट खुपसून ओरडत होता, "टिम्सनकरांनो, तुमच्या छाताडावर बसून जगणार मी! मेलो तरी ह्याच गावात पुरावं लागेल मला!" नेल्डानं पेन्सिल खाली ठेवली. जरा वेळ तिला काही दिसेना, मग तिनं नाक पुसलं आणि परत वही घेतली.

कुस्ती सुरू झाली. आणि काय कुस्ती होती, अहाहा! अठरा मिनिटं. हर्शेलनं मीठ फेकलं, क्लेग आंधळा होऊन खांबावर आदळला, शेडमधल्या म्हाताऱ्या छत्र्या घेऊन उठल्या. नेल्डा विसरलीच की ही आपल्या भावाच्या देशोधडीची गोष्ट आहे. टीव्हीसमोर उभी राहून ती "हूऽऽ" करत होती. शेवटी क्लेगनं हर्शेलला उचलून आपटलं, वर पडून त्याचे खांदे टेकवले, रेफ्री आडवा पडून मोजायला लागला. एक, दोन, तीन. घंटा.

स्वच्छ हरला होता.

तिनं तो शेवट परत लावला. परत लावला. सहाव्या वेळी ती टीव्हीला नाक लावून बसली आणि तिला दिसलं. पडद्याच्या अगदी कोपऱ्यात, रेफ्रीनं हात उचलला तेव्हा, हर्शेलचा डावा बूट खालच्या दोरीवर होता!

पाय दोरीवर असला, की मोजायचं नसतं. हे आमच्याकडे दात येणाऱ्या पोरालाही माहीत असतं.

"सापडलं!" नेल्डा एवढ्यानं ओरडली, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "सापडलं रे, बब्बा!"

पण मग रेफ्रीला तो पाय दिसला कसा नाही? तिनं एकेक चित्र थांबवत पुढे नेलं. तर "एक" म्हणायच्या आत रिंगखालून एक हात वर आला आणि त्यानं तो बूट दोरीवरून ढकलून दिला. चांगला झटका देऊन. पहिल्या रांगेतली कुणीतरी बाई.

"कोण गं ही भवानी!" नेल्डा कडाडली. बाईची पाठ होती. केसांचा हा एवढा फुगारा, वर डबाभर फवारा मारून ताठ केलेला. "आणि केस कुणी केलेत हिचे? गवताची गंजी बरी!" तीस वर्षांचा धंदा, जीभ कशी राहणार? तिनं वहीत लिहिलंसुद्धा: गुन्हेगार बाई, केस वाईट. मग पुढचं चित्र लावलं. बाईनं पिवळा झगा घातला होता आणि झग्याला हिरव्या पानांची पट्टी लावली होती.

ती पट्टी आईनं स्वयंपाकघराच्या पडद्याच्या उरलेल्या कापडाची लावली होती. तसला झगा अख्ख्या अलाबामात एकच होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नेल्डा खुर्चीत बसली. तिला एवढंच आठवत होतं, की आपण रिंगला चिकटून ओरडत होतो, सगळेच हात मारत होते, काठावर, दोरीवर, मिळेल तिथं. दुष्टाची बहीण, म्हणून सगळ्यांपेक्षा जास्त ओरडायचं आणि जास्त मारायचं. आवेशात आपण नेमकं काय ढकललं, हे तिनं कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. चाळीस वर्षं ती भावाला हट्टी म्हणत आली. अन् भावाला गावाबाहेर घालवणारी ती स्वतःच.

रविवारी ती डबा घेऊन गेली नाही. डोकं दुखतंय असा निरोप पाठवला. सोमवारी लिहायला बसली तेव्हा सोपी वाट समोरच होती: "एका अज्ञात प्रेक्षकानं पाय ढकलला." खोटं नव्हतं ते तसं. पाठमोरी बाई, गावात कुणाला ओळखू येणार होती? तिनं ते वाक्य लिहिलं, वाचलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. दुसऱ्यांच्या कुस्तीत फोलपटं काढायची आणि आपल्या वेळी अज्ञात प्रेक्षक! तिनं कागद फाडला.

गुरुवारी तिसऱ्या पानावर शेवटी असं छापून आलं:

"हर्शेल टॉलिव्हर हरला नव्हता. त्याचा पाय दोरीवर होता. तो ज्या बाईनं ढकलला, ती मी. नेल्डा स्टोव्हॉल, तेव्हाची टॉलिव्हर. मला ते शनिवारपर्यंत माहीत नव्हतं, पण माहीत नव्हतं म्हणून पाय परत दोरीवर जात नाही. माझा भाऊ चाळीस वर्षं माझी शिक्षा भोगतो आहे. कुस्तीला पाच शेंगा. माझ्या केसांना फोलपटंसुद्धा नाहीत."

सकाळी आठ वाजता तिच्या जुन्या दुकानातून फोन आला. "नेल्डा, तुझ्यापायी चाळीस वर्षं आम्ही मासे खायला नदी ओलांडतोय होय गं?" आणि मागे सगळ्या बायका हसत होत्या. नेल्डाला हसू आलं नाही. ती साप्ताहिक घेऊन पुलापलीकडे गेली.

हर्शेल कुबडी शेजारी ठेवून बसला होता. त्यानं चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. पोरसवदा पैलवानांवर हसला. शेवटाला आला तेव्हा बोट थांबलं.

"हे छापलंस?" तो म्हणाला. "सगळ्यांनी वाचलं?"

"दुसऱ्या चर्चच्या मेथडिस्टांनीसुद्धा. बब्बा, मला खरंच माहीत नव्हतं रे. तू मला काय वाटेल ते बोल."

"मला माहीत होतं."

"काय?"

"हात ओळखतो मी तुझा. लहानपणी कमी मारलंयस का?" तो वाकून तिच्या कानाशी आला, जणू खोपट्याच्या भिंतीही टिम्सनच्या होत्या. आणि ज्या माणसानं आयुष्यात कुस्तीबद्दल वेडावाकडा शब्द काढला नव्हता, आईपाशीही नाही, तो हलक्या आवाजात म्हणाला, "ठरलं वेगळंच होतं, नेली. क्लेग हरणार होता. त्याचं टेक्सासचं तिकीटसुद्धा निघालं होतं. मी पाय दोरीवर टाकायचा, रेफ्रीनं बघून थांबवायचं, मग मी त्याला लोळवायचं. रेफ्रीनं बघितलं तर पाय गायब! तीन मोजल्याशिवाय करतो काय बिचारा?"

क्लेग बिचारा टेक्सासला न जाता टिम्सनातच गालिचे विकत म्हातारा झाला होता.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? परत यायचं तर कारण द्यावं लागतं. कारण एकच होतं आणि ते पिवळ्या झग्यात उभं होतं. आईला कळलं असतं, तर तिनं तुला घरात घेतलं नसतं. तू तेव्हा नवं दुकान टाकलेलं. कुठल्या बाईनं आपलं डोकं तुझ्या हातात दिलं असतं?" त्यानं चष्मा काढून पुसला. "मग सवय झाली. बरं चाललं होतं की. तू यायचीस दर रविवारी."

आता नेल्डा रडली. गाडीत जाऊन नाही, तिथंच, त्याच्या मेणकापडाच्या टेबलावर डोकं ठेवून. तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला आणि म्हणाला, "पुरे गं. गिऱ्हाईक आलं तर काय म्हणेल, दुष्टाच्या घरी रडणं चाललंय."

"आता तरी येशील?"

हर्शेलनं साप्ताहिकाची घडी घातली. "आता काय, तू सगळं ओकून बसलीस. लपवायचं काय उरलंय?"

शनिवारी तो आला. गाडीतून नाही, पायी येणार म्हणाला, कुबडी घेऊन. दीडशे पावलांच्या पुलाला पंचवीस मिनिटं लागली, नेल्डा शेजारून चालत होती. प्रुइटनी कुणाला काही सांगितलं नव्हतं म्हणतात, पण अलीकडच्या टोकाला सगळं टिम्सन उभं होतं. महापौर होता, दोन्ही चर्चांचे पाद्री होते, चाकाच्या खुर्च्यांवर म्हाताऱ्या होत्या आणि त्यांच्या हातात छत्र्या होत्या. हद्दीच्या पाटीला हर्शेलची कुबडी टेकली आणि गावानं एका आवाजात सुरुवात केली.

"हूऽऽऽ! चालता हो! नालायका! हूऽऽऽ!"

हर्शेलची पाठ ताठ झाली. त्यानं मूठ उगारली, दूध नासवणारी नजर टाकली आणि गुरगुरला. गाव आनंदानं किंचाळलं. एक म्हातारी छत्री परजत पुढे आली आणि तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं.

नेल्डानंही हुर्यो उडवायला तोंड उघडलं. पण आतून निघालं ते भलतंच. चारचौघांत, आयुष्यात पहिल्यांदा, ती घसा फुटेस्तोवर ओरडली, "भाऊ आहे तो माझा! माझा भाऊ!"

"गप गं," हर्शेल ओठ न हलवता म्हणाला. "अब्रू घालवशील माझी." आणि कुबडी काखेत मारून त्यानं दुसऱ्या हातानं तिचा दंड घट्ट धरला आणि पाटीच्या आत पाऊल टाकलं.